मेंढरांचा रस्ता नकाशावर घ्या

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण पूर्ण वाचा.

गेल्या आठवड्यात आपल्याकडच्या दोन-तीन ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. कल्याण-शिळ रस्त्यावर दीड-दोनशे मेंढरं, पुढे सामान लादलेलं घोडं, मागे कडेवर पोर घेतलेली बाई, आणि चारी बाजूंनी हॉर्न. खालच्या प्रतिक्रिया वाचल्यात का? 'हे लोक येतात कुठून?' 'यांना शहरात शिरू कोण देतं?' एकाने तर थेट पालिकेला टॅग करून 'मोकाट जनावरांचा बंदोबस्त करा' असं लिहिलं. अहो, ती मोकाट नाहीत. त्यांच्यामागे माणूस आहे, कुत्रं आहे, आणि त्या माणसाला त्यातली एकूण एक मेंढी तोंडावरून ओळखू येते.

मी पंचवीस वर्षं जमीन मोजणीच्या आणि नकाशांच्या कामात आहे. मुरबाड, टिटवाळा, खडवली, पडघा, अंबरनाथच्या मागची गावं, सगळीकडे पाय झिजवलेत. थंडीच्या दिवसांत मोजणीला गेलं की कुठल्या ना कुठल्या शेतात धनगरांचा वाडा पडलेला दिसायचाच. तेव्हा 'कुठून येतात' या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पुस्तक उघडावं लागत नाही.

येतात घाटावरून. पारनेर तालुक्यातलं ढवळपुरी हे त्यातलं प्रसिद्ध गाव. शिवाय संगमनेर, जुन्नर, नाशिककडचा भाग. आळेफाटा, ओतूर, माळशेज, टोकावडे, मुरबाड करत कल्याणात. काही कसाऱ्याने शहापूर-भिवंडीकडे उतरतात. ढवळपुरीहून कल्याण म्हणजे दीडशे किलोमीटरच्या वर, आणि ते सगळं चालत. दसरा-दिवाळी झाली की खाली, मृगाच्या आत परत वर. कारण साधं आहे. सह्याद्रीच्या पलीकडे पाऊस कमी, दिवाळीनंतर माळ वाळतो, पाणी आटतं. त्याच वेळी आपल्याकडे भातकापणी होऊन शेतं मोकळी होतात, बांधावर गवत उभं असतं, नदी-नाल्यांना पाणी असतं. पावसाळ्यात मात्र कोकणातला चिखल मेंढीला सोसत नाही, खुरं सडतात. म्हणून चार महिने कोरड्या बाजूला. दोन मुलखांचं हवामान एकमेकांना जोडून उभं केलेलं हे वेळापत्रक आहे, आणि ते कुठल्याही सरकारी खात्याने बसवून दिलेलं नाही.

वाट तर फारच जुनी. माळशेजच्या शेजारी नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळापासून जुन्नर आणि कल्याण बंदर यांना जोडणारा. तिथला दगडी रांजण जकातीचा म्हणून आपण पोरांना दाखवतो, सेल्फी काढतो. त्या घाटातून व्यापारी गेले, बैल गेले, आणि जनावरांमागे हिंडणारी माणसंही गेलीच असणार. आपल्या सोसायट्या तिशी-चाळिशीतल्या. आणि विचारतो आपण, 'यांना इथे शिरू कोण देतं?'

आता मेंढीविषयी थोडं. ही दख्खनी मेंढी. बहुतेक काळी, अंगावर राठ केसाळ लोकर, शेपूट आखूड आणि बारीक. बकरी ईदच्या आधी भिवंडी-मुंब्र्याकडे मोठ्या कौतुकाने आणलेला दुंबा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्याच्या मागे चरबीचा गोळा लोंबत असतो. अफगाणिस्तानातले कुची भटके अशाच मेंढ्या राखतात. उंटाच्या मदारीसारखी ती शिदोरी. हिवाळ्यात चारा मिळाला नाही की जनावर त्या चरबीवर तग धरतं. आपल्या दख्खनी मेंढीकडे अशी शिदोरी नाही. तिची शिदोरी म्हणजे तिचे पाय. इथलं गवत संपलं की पुढचं शिवार. पंचवीस-तीस किलोची मेंढी, रोज कित्येक किलोमीटर चालते, काटेरी झुडपापासून कापलेल्या शेतातल्या खुंटापर्यंत काहीही खाते, उन्हात टिकते. एका वेळी साधारण एकच कोकरू देते. (फलटणच्या निंबकर संस्थेने सुंदरबनच्या गरोळ मेंढीतला जुळी देणारा गुण दख्खनीत आणला आणि त्यातून 'सुवर्णा' ही मेंढी तयार झाली. काम मोठं आहे, पण त्यावर कधीतरी वेगळी पोस्ट.) या जनावराचा काटकपणा सगळा चालण्यात आहे. त्याचं चालणं बंद केलं की मग ते नुसतं कमी दुधाचं, जाड लोकरीचं, छोटं जनावर उरतं. रस्त्याचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न एकच आहे तो यामुळे.

आणि हे लोक फुकट चरायला येत नाहीत. आमच्या भागातल्या जुन्या शेतकऱ्याला विचारा, 'मेंढरं बसवणं' म्हणजे काय. कापणी झालेल्या शेतात संध्याकाळी जाळी लावून मेंढरं कोंडायची. रात्रभर लेंडी आणि मूत थेट त्याच मातीत पडतं, खुरांनी दाबलं जातं. दोन-चार रात्रींनी वाडा पुढच्या तुकड्यात सरकतो. खताची गाडी नाही, भरणावळ नाही, पसरायला मजूर नाही. बदल्यात पूर्वी तांदूळ मिळायचा, आता बहुतेक रोख रक्कम. कुठे किती रात्री बसायचं ते आधीच्या वर्षीच ठरलेलं असायचं. मुरबाडकडे मी अशी शेतं पाहिली आहेत जिथे आजोबांपासून एकच वाडा उतरतो. दोन्हीकडची लग्नं, मयतं एकमेकांना माहीत. आगरी शेतकरी आणि घाटावरचा धनगर, भाषा वेगळी, देव वेगळे, पण व्यवहार पक्का. कागद एकही नाही.

हाच कागद नसणं आता त्यांच्या मुळावर आलं आहे.

माझा धंदा नकाशाचा, म्हणून हे मला जरा जास्त टोचतं. गावनकाशावर गाडीवाट दाखवलेली असते, पायवाटेची तुटक रेघ असते, पाणंद असते, ओढा असतो. मेंढरांची वाट कधीच नसते. कारण ती रेघ नाहीच. यंदा या शेतातून, पुढच्या वर्षी त्या माळावरून, जिथे पीक उभं नाही तिथून. जी गोष्ट दरवर्षी थोडी सरकते ती मोजणीत बसत नाही. आणि जी मोजणीत नाही ती विकास आराखड्यात नाही. आराखड्यात नाही म्हटल्यावर तिथे गोदाम, टॉवर, महामार्ग काहीही आलं तरी हरकत घ्यायला कोणी नाही. हरकतीच्या सुनावणीला सातबारा लागतो. नोव्हेंबरात येऊन मे महिन्यात जाणाऱ्याच्या नावावर इथे सातबारा कुठून असणार?

म्हणून झालं काय, ते डोळ्यांनी बघा. शिळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंची शेतं टॉवरखाली गेली. सत्तावीस गावांत जिथे वाडे पडायचे तिथे आज पत्र्याचे गाळे आणि चाळी आहेत, अधिकृत किती ते विचारू नका. भिवंडीची शिवारं गोदामांनी भरली. आमण्याला समृद्धी महामार्ग येऊन टेकला, जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पाही सुरू झाला. त्याला जोडणारे रस्ते, विरार-अलिबागची मार्गिका, बडोद्याकडून येणारा द्रुतगती मार्ग, सगळ्याचं संपादन आपल्याच तालुक्यांत. मी विकासाच्या विरोधात नाही. याच कामांवर माझं घर चाललं आहे. पण समृद्धीवर वन्यप्राण्यांना जायला खालून-वरून वाटा बांधल्या ना? चांगलंच केलं. म्हणजे चार पायांच्या जिवासाठी रस्त्यात जागा ठेवायचं तंत्र आपल्या इंजिनियरांना येतं. मेंढरांसाठी ते कोणी मागितलं नाही, एवढंच.

परिणाम असा की शेतातून शेतात जाणारा वाडा आता डांबरी रस्त्यावर आला आहे. तुम्ही जो व्हिडिओ बघितलात तो त्यांचा मूळ मार्ग नव्हेच. तो मार्ग बंद झाल्यावर उरलेला मार्ग आहे. गेल्या हिवाळ्यात पडघ्याच्या अलीकडे एका म्हाताऱ्या धनगराशी बोलत बसलो होतो. पहाटे कंटेनरने त्यांची मेंढरं चिरडली होती. 'बाबा, तक्रार दिली का?' विचारलं. म्हणाला, 'दादा, तिथं बसलो तर बाकीची मेंढरं राखायची कुणी?' मग बराच वेळ गप्प. मग म्हणाला, 'रस्ता तुमचा झाला. मेंढरं काय उडवत नेऊ का?'

यावर उत्तर काय द्यायचं? मी चहा सांगितला.

कायदा नाही असं नाही बरं का. गुरचरण जमिनी दुसऱ्या कामाला वळवायच्या नाहीत, हे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम २२अ मध्ये लिहिलेलं आहे, सार्वजनिक कामाचे अपवाद ठेवून. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सगळ्या राज्यांना सांगितलं. आणि २००६ च्या वनहक्क कायद्यात, कलम ३(१)(घ) मध्ये, स्थायिक आणि फिरत्या अशा दोन्ही प्रकारच्या चराईचा आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा हक्क चक्क शब्दांत मान्य केला आहे. वाचून बरं वाटतं. पुढची मेख बघा. अनुसूचित जमातीत नसलेल्यांनी तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवायचा. महाराष्ट्रात धनगर भटक्या जमाती 'क' मध्ये आहेत. म्हणजे ज्याचा हक्कच फिरण्याचा आहे त्याने आधी एका जागी राहिल्याचा पुरावा आणायचा. हा कागदाचा विनोद कोणाला सुचला असेल!

राजकारण्यांचं काय सांगावं. धनगर म्हटलं की आरक्षण, 'धनगर की धनगड', आणि मोर्चा. तो प्रश्न खोटा आहे असं मी म्हणत नाही, तो त्या समाजाने ठरवायचा. पण मेंढरांमागे जो प्रत्यक्ष चालतो त्याच्या चाऱ्याबद्दल, वाटेबद्दल त्या भाषणांत एक ओळ ऐकली आहे का कधी? नगरचं नाव अहिल्यानगर झालं. २०२५ मध्ये अहिल्यादेवींच्या जन्माची तीनशे वर्षं झाली, त्या निमित्ताने ६ मे रोजी अख्खं मंत्रिमंडळ चौंडीला जाऊन बैठक घेऊन आलं. अभिमान आहेच. ज्या बाईने देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, म्हणजे वाटसरूच्या पाण्या-मुक्कामाची सोय केली, तिच्या नावाच्या जिल्ह्यातून निघालेल्या वाटसरूला आज मुरबाड ते कल्याण हक्काचा एक मुक्काम नाही.

योजना आहेत, त्या झाकून ठेवत नाही. २०१७ पासून राजे यशवंतराव होळकर महामेष योजना चालू आहे. वीस मेंढ्या आणि एक नर, ७५ टक्के अनुदान. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी महिना सहा हजारांप्रमाणे चराई अनुदानही आहे. त्या दिवसांत सगळीकडे पेरण्या असतात, चरायला जागा नसते, म्हणून. हिशोब बरोबर आहे. पण त्यात जनावर वाढवायचे पैसे आहेत, ते नेऊन चारायचं कुठे याचं उत्तर नाही. राज्यात २०१९ च्या पशुगणनेत मेंढ्यांची संख्या सत्तावीस लाखांच्या घरात निघाली. मेंढ्या वाढवायला अनुदान द्यायचं आणि वाटा बुजवायच्या, हे दोन विभाग एकमेकांशी बोलतात की नाही?

आता दुसरी बाजू. शेतकऱ्याची तक्रार खोटी नसते. पूर्वी भातानंतर शेतं ओसाड असायची. आता बोअरवर, कालव्यावर भेंडी, कलिंगड, काकडी घेतात. एका संध्याकाळी कळप शिरला तर हंगाम जातो. वनखात्याचं म्हणणं, कोवळी रोपं खातात, विशेषतः सोबतच्या शेळ्या. त्यात तथ्य आहे. रस्त्यावर बाइकवाला घसरला तर त्याचाही जीव जाऊ शकतो. आणि वाड्यावरची तरुण पोरं? त्यांना हे नको आहे. शाळा सुटते, लग्न जमत नाही, चोर रात्रीची मेंढरं उचलून टेम्पोत घालतात. काठी-घोंगडं, बिरोबा, ओव्या, रम्य चित्र काढायची आपल्याला सवय आहे. पोरांना त्या चित्रात राहायचं नाही, त्यात चूक काही नाही. माझं म्हणणं एवढंच की ज्याला सोडायचं त्याने स्वतःच्या मर्जीने सोडावं. आपण कुंपणं घालून सोडायला लावू नये.

आणि आपला स्वार्थ? आहे ना. भाताला युरिया ओतून आपल्या आसपासच्या जमिनी कशा झाल्या आहेत ते शेतकरीच सांगतील. शेणखत विकत घ्यायला गेलं तर ट्रॉलीचा भाव ऐकून घाम फुटतो. इथे खत स्वतःच्या पायांनी चालत येतंय. मटणाचं तर बोलायलाच नको. १५ ऑगस्ट २०२५ ला कल्याण-डोंबिवलीत मांसविक्री बंद ठेवायचा आदेश निघाला, तेव्हा आठवडाभर आपण काय भांडलो होतो! खायचं की नाही, कोण ठरवणार, सगळं झालं. पण ते जनावर वाढतं कुठे, वाढवतो कोण, त्याला चारा-पाणी कुठे मिळतं, यावर दोन्ही बाजूंनी चकार शब्द नाही. सातशे-आठशे रुपये किलोने घेतो आपण. त्यातले त्या म्हाताऱ्यापर्यंत किती पोहोचतात हा प्रश्न निदान मनात यायला हवा.

लोकरीची कथा त्याहून वाईट. वर्षातून दोनदा कातरणी करावीच लागते, नाहीतर जनावराला त्रास. पण दख्खनीची लोकर राठ, तिला गिऱ्हाईक नाही. कातरणाऱ्याच्या मजुरीइतकेही पैसे येत नाहीत म्हणून बांधावर टाकून देतात. आमच्या लहानपणी आवणीला प्रत्येक शेतकऱ्याच्या डोक्यावर इरलं नाहीतर घोंगडी असायची. सनगरांनी विणलेली, चिंचोक्याच्या खळीची, पाणी सहजी आत न घेणारी. आता प्लॅस्टिकचा कागद. २०२५ मध्ये 'देसी ऊन' नावाच्या आपल्याकडच्या अ‍ॅनिमेशन लघुपटाला फ्रान्समधल्या आन्सी महोत्सवात पुरस्कार मिळाला, विषय हीच मेंढी आणि हीच लोकर. फ्रान्समध्ये टाळ्या आणि शिळफाट्यावर हॉर्न.

२०२६ हे साल संयुक्त राष्ट्रांनी गवताळ माळरानं आणि पशुपालक यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. मंगोलियाने मागणी केली होती, २०२२ मध्ये ठराव झाला. आपल्या केंद्र सरकारनेही २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत फिरत्या पशुपालकांची वेगळी नोंद पहिल्यांदा घेतली. म्हणजे वर कुठेतरी जाग आली आहे. खाली तालुक्यात काय करता येईल ते मला दिसतं तसं सांगतो.

पहिलं म्हणजे मुक्कामाची यादी. रेघ काढता येत नसेल तर ठिपके काढा. कुठल्या गावात, कुठल्या महिन्यात, किती रात्री वाडा पडतो, एवढं तलाठ्याने एका हंगामात लिहून काढलं तरी पुरे. मी फुकट नकाशा करून द्यायला तयार आहे, हे इथे जाहीर लिहितो. ती यादी तहसीलदार, पालिका आणि एमएमआरडीएच्या आराखड्यात गेली पाहिजे. उरलेल्या गुरचरणांपैकी दहा-पंधरा किलोमीटरवर एखादं, पाण्याजवळचं, सहा महिन्यांसाठी राखून ठेवायचं. नवीन रस्त्याच्या निविदेतच ओढ्याच्या मोऱ्या एवढ्या उंच धरायच्या की खालून कळप आणि घोडं जाईल. मोरी बांधतातच, दोन-तीन फूट वाढवायची गोष्ट आहे. आणि कळप हमरस्ता ओलांडणार असेल तेव्हा पहाटे वाहतूक पोलिसांचा एक माणूस. दहीहंडीला, मिरवणुकांना तासन्‌तास रस्ते बंद ठेवतो की आपण.

डॉक्टरांचं काम तर आजही होऊ शकतं. १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा टोल फ्री नंबर आहे. तुमच्या शेताजवळ वाडा उतरला तर त्यांना सांगा, गरज पडली तर तुम्ही लावून द्या. बोलणाऱ्याला गावाचं नाव, खूण सांगता येत नाही म्हणून फोन अर्धवट राहतो, हे मी पाहिलेलं आहे. मेंढरं गाडीखाली गेली तर फोटो काढताना गाडीचा नंबरही येऊ द्या, आणि शक्य असेल तर त्या माणसाबरोबर पोलीस ठाण्यापर्यंत जा. स्थानिक माणूस शेजारी उभा असला की तक्रार लिहून घेण्याचा वेग वेगळा असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तर आता मदत हवी आहे ती अशी. मुरबाड, कल्याण, अंबरनाथ, भिवंडी, शहापूर, यांपैकी कुठल्याही गावात तुमच्या शेतात किंवा शेजारी वाडा पडत असेल, किंवा पूर्वी पडत होता आणि आता पडत नाही, तर खाली गावाचं नाव, शिवाराची खूण, साधारण महिना आणि शेवटचं कोणत्या वर्षी पाहिलं ते लिहा. धनगरांची नावं, फोन नंबर, फोटो टाकू नका, चोरांना तेच हवं असतं. आई-वडिलांना, आजीला विचारून लिहा, त्यांना जास्त माहीत असतं. मे महिन्यात वाडे परत फिरायच्या आत तालुकावार यादी करून पाचही तहसीलदारांकडे निवेदनाबरोबर द्यायची आहे. टिटवाळा-खडवली पट्ट्यातली चौदा ठिकाणं माझ्याकडे आहेत, ती पहिल्या कमेंटमध्ये टाकतो. त्यातली सात आता बिल्डिंगखाली आहेत, तीही लिहिली आहेत.